अर्धी भिंत

१२ मे, सोमवार

ठेकेदाराची मशीन गेली.

सकाळी मळ्यात सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या बांधून राह्यली होती, तं नदीकडून घरघर आली. पाह्यलं तं मशीन ट्रकवर चढवून राह्यले. मिक्सर म्हने कालच गेला. मी तशीच ओल्या हातानं धावली.

"भाऊ, काम तं अर्धंच झालं न?"

"आमचं झालं बाई. पुढचं साहेबाले इचारा."

पूरसंरक्षक भिंत आमच्या मळ्याच्या कोपऱ्यावर येऊन खलास. सळ्या तशाच बाहेर निंगेल. पुढे खालच्या वस्तीपर्यंत जानेवारीत चुन्याची रेघ मारली होती, ते बी आता पुसत आली. वस्ती म्हंजे चौदा घरं. नदीचं वळन बरोबर त्याईच्या दारात. भिंत मंजूर झाली तेच त्याईच्यासाठी. आमचा मळा मधात पडते म्हनून आमाले बी भेटली. आन आता झालं काय, तं वांगे भिंतीच्या आत आन मानसं बाहेर.

मी ग्रा.पं. सदस्य. लोक मलेच इचारतीन.

शेलूबाजारले जुड्या उशिरा गेल्या. सुकल्या.

१४ मे, बुधवार

सरपंचाकडे गेली. बंगईवर झोके घेत टीव्ही पाहून राह्यले होते. म्हने, "ताई, वरूनच कात्री लागली. पूरसंरक्षणाचा पैसा यंदा सरकारनं सगळीकडेच कापला. आपलंच नाई." सगळीकडे कापला म्हटलं का जसं काई दुखतच नाई.

"मंग पावसाळा बी सगळीकडे कापला काय?" म्हटलं.

हासले. मी हासाले नोती गेली.

घरी येऊन ह्याईले सांगतलं. आमचे हे बोलतेत कमी. वांग्याले पानी देऊन राह्यले होते, पाट सुरू होता. खाली वाकले, चिखलाचे गोळे घेतले आन पाटाच्या एका आंगाले अर्ध्यापर्यंत कड लावली. जथी कड संपली तथीच पानी वळलं आन बाजूच्या वाफ्यात दनकन घुसलं. पहिले नुसतं झिरपत होतं.

"पाह्य," एवढंच म्हने.

म्हंजे अर्धी भिंत ही भिंत नसल्यापेक्षा वाईट. आजपर्यंत पुराचं पानी पहिले आमच्या मळ्यात पसरे, वस्तीत जाईपर्यंत त्याचा जोर कमी होये. आता मळ्यात येनारच नाई. सगळा जोर भिंतीच्या टोकावरून सिध्धा वस्तीतल्या माह्या मैतरनीच्या, गोदाच्या घरावर. हे साहेबाईले समजत नाई काय? का समजते आन तरी?

इंजिनेर साहेबाले फोन. सात वेळा. उचलला नाई.

१७ मे, शनिवार

वस्तीतले लोक ऊसतोडीहून आले. ट्रकातून भांडेकुंडे, कोंबड्या, लेकरं, सगळं एकामागं एक उतरून राह्यलं. गोदा उतरली. काळी पडली पुरी, हात चिरलेले. आमी दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गावात आलो, तवापासूनची ती माही. दिवाळीनंतर ऊस तोडाले जाते, उन्हाळ्यात येते, पावसाळाभर अथी लोकाईच्या वावरात.

सामान नाई उतरवलं, पहिले भिंत पाह्यली. हात लावून पाह्यला, ठोकून पाह्यलं.

"लय पक्की झाली वो मंदे! आमच्या दारात कवा येते?"

"येईन. जूनच्या आत," म्हटलं.

काहून म्हटलं मी असं? तोंडातून निंगून गेलं. तिची सासू बाजीवर बसेल होती, पाय गेले बुढीचे. मागच्या पुरात तिले बाजीसकट उचलून शाळेत नेलं होतं. ते माह्याकडे पाहून हात जोडून राह्यली. मी घाईघाईनं निंगाली तथून.

२० मे, मंगळवार

वाशीम. एकटीच गेली एसटीनं. साहेब फोन उचलत नाई तं साहेबाच्या टेबलापुढे जाऊन बसू, असा इचार.

भिंतीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. साहेब दौऱ्यावर. एक कारकून बाई होती, माह्याच वयाची, डबा खाऊन राह्यली होती. मले बी भाकर आन कैरीचं लोणचं देलं. चांगली बाई. मंग हात धुवून फाइल काढली.

"पण मावशी, तुमच्या गावाचीच हरकत नव्हती. ठराव आहे हा."

पाह्यला. आमच्याच ग्रा.पं.चा, मार्चमधला. "झालेले काम समाधानकारक असून उर्वरित निधी समर्पित करण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही." खाली सूचक. सूचकापुढे माही सही. मोठी, गोल, टिंबासकट.

म्हटलं, हे तं चांगलंच लिहेल हाय. उरेल पैसा भिंतीले समर्पित. मंग अडलं कोठी?

बाईनं चष्मा काढला. "मावशी, ऑफिसात समर्पित म्हणजे परत. उरलेला पैसा आम्हाला नको, सरकारनं परत घ्यावा, असं."

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगतलं. हळूच सांगतलं, बाजूच्याले आइकू जाऊ नये म्हनून. "वरून कपात आली ना, तेव्हा ज्या गावांची हरकत नव्हती त्यांचं आधी कापलं. तुमचं पहिलंच."

जिना कसा उतरली ते आठवत नाई. स्टँडवर शेलूबाजारची गाडी समोरून गेली, मी पाहत राह्यली, बसलीच नाई. दुसरीत बसली.

२१ मे, बुधवार

समर्पित. समर्पित. समर्पित.

देवळात घंटेखाली लिहेल हाय, समर्पित. सप्त्यात महाराज म्हनतेत, तन मन धन समर्पित. शाळेच्या पान्याच्या टाकीवर समर्पित. जलमभर एकच अर्थ आयकला या शब्दाचा, देनं. आपलं म्हनून मनापासून देनं. ऑफिसात जाऊन त्याचा अर्थ नको होते, हे मले कोन सांगनार होतं?

मार्चची मीटिंग आठवते मले. सचिव (आमचे ग्रामसेवक) धडाधड वाचत गेले, मार्चएंड होता. 'हरकत नाही' ते कायची, असं मनात आलं, पन इचाराची लाज वाटली. "सूचक कोन?" सगळे मोबाइलात तोंड घालून. मीच हात वर केला. बरं हात वर करून गप बसाव का नाई? उठून म्हटलं, "पैसा भिंतीले समर्पित होऊन राह्यला, टाळ्या तं वाजवा!" वाजवल्या सगळ्याईनं. सचिवानं बी वाजवल्या.

दुपारी त्याईले पंचायतीत गाठलं.

"तवा काहून नाई सांगतलं मले?"

"ताई, मले वाटलं तुमाले माईत हाय. ऑफिसची भाषा हाय ते. आन ठराव लवकर पाठवा म्हनून फोन होता."

"मंग टाळ्या कायच्या वाजवल्या तुमी?"

"सगळे वाजवून राह्यले म्हनून वाजवल्या."

काय म्हनाव या मानसाले! बह्याड तो का मी? मीच. दहावी पास, वस्तीतल्या बायाईचे कागद वाचून देते म्हनून मिरवते. माह्या एका सहीनं चौदा घरं नदीच्या तोंडी देले मी.

ह्याईले सांगतलं. म्हने, "लोकाईले सांगून टाक. आजच सांग. तू सांगशीन तं चूक राहीन, दुसऱ्यानं सांगतलं तं पाप होईन."

नाई सांगतलं.

२६ मे, सोमवार

निवेदन लिहिलं. कपात रद्द करा, भिंत पुरी करा. सोपं लिहिलं, एक बी जड शब्द नाई.

सह्या गोदा गोळा करून राह्यली. अंगठे जास्त. कागद पदराखाली धरते घाम लागू नये म्हनून. घरोघरी सांगते, "मंदानं लिहेल हाय, डोळे मिटून करा."

आज तिच्याजवळ चार वेळा तोंड उघडलं. एकदा तिनंच इचारलं, "काय वो, काई म्हनत होती?" म्हटलं, पानी पाज उलसं. तिनं माठातलं पानी देलं. पेली. आली घरी.

वस्तीतले मानसं भिंतीच्या टोकापुढे दगड रचून राह्यले, हातानं, भर उन्हात. त्यानं काय होते. पन कोनी कोनाले तसं म्हनत नाई.

हे मले काई इचारत नाईत. जेवाले वाढलं तं खाली पाहून जेवतेत.

३० मे, शुक्रवार

फुटलं.

सरपंचानं हाटेलात चहा पेता पेता सांगतलं. वस्तीतल्या दोघातिघाईनं त्याले घेरलं होतं, भिंतीचं काय म्हनून. तं म्हने, "मले काय म्हनता? ठराव मंदाताईनं मांडला. टाळ्या बी तिनंच मांगतल्या." खोटं बी नाई बोलला.

अर्ध्या तासात गोदा मळ्यावर. रोज वाफ्यातून येते, पाय टाकत, वांगं तोडत. आज मळ्याच्या कडेले, धुऱ्यावरच उभी राह्यली. हातात सह्याचा कागद.

"सही तुही हाय?"

"हाय."

"तुह्या मळ्यापर्यंत भिंत आली. आता आमी वाहून गेलो तं गेलो. असंच न?"

"गोदे, मले त्या शब्दाचा अर्थच—"

"तुले?" हासली ती. "आमचे रेशनचे कागद तू वाचते. बुढीचे दवाखान्याचे तू वाचते. अन तुले अर्थ नाई समजला?"

खरं होतं ते सांगतलं तरी खोटं वाटे, असं होतं ते.

"पंधरा दिवस माह्यासंगं फिरली तू. माह्या घरचं पानी पेली."

कागद तिनं धुऱ्यावर ठेवला. उडू नये म्हनून त्याच्यावर ढेकूळ ठेवलं, अन गेली. एवढ्या रागात बी ढेकूळ ठेवलं. मी तथीच मट्टकन बसली आन रडली. लय रडली. ह्याईनं दुरून पाह्यलं, आले नाईत. बरं केलं.

३ जून, मंगळवार

खास ग्रामसभा लावाले लावली मी. सरपंच नाई म्हनत होता, "कायले बदनामी करून घेता ताई?" म्हटलं, झाली तेवढी पुरे नाई काय, होऊ दे पुरी.

वस्तीतल्या बाया आल्या. माह्याकडे पाठ करून बसल्या. गोदा पुढेच होती, पन पाठ.

उठली. पाठ केलं होतं ते सगळं विसरली. म्हटलं, "मी बह्याड हाय. मले शब्द समजला नाई आन मी इचारलं बी नाई, काहून का इचारलं तं लोक म्हनतीन इले येत नाई. मले लाज वाटली इचाराची. त्या लाजेपायी तुमची भिंत गेली. मळ्यासाठी नाई केलं. ज्याले खरं वाटते त्याले वाटो, ज्याले नाई त्याले नाई. पन हा ठराव मी मांडला होता, आता मोडाचा बी मीच मांडते."

मंग एक बुढा मागून म्हने, "आमी बी टाळ्या वाजवल्या होत्या न बावा." तेवढ्यानं जरा हवा हलली.

नवा ठराव सचिव लिहाले बसले. "सदर निधीचे पुनर्वितरण होणेबाबत..." मी वही ओढली. म्हटलं असं नाई. लिहा, "आमचा पैसा परत द्या. भिंत वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पुरी करा. आमाले हरकत हाय." म्हने, ऑफिसात चालत नाई असं. म्हटलं, चालवाले लावीन मी.

सूचक मी. अनुमोदक कोन? कोनी बोलेना. मले वाटलं गेलं आता. तं हे उठले. आमचे हे! वीस वर्षांत ग्रामसभेत एक शब्द नाई बोलले. म्हने, "मी," आन बसले.

गोदानं हात वर केला होता का नाई ते मले दिसलं नाई.

६ जून, शुक्रवार

वाशीमले धरणे. अकरा बाया, सात मानसं, एक जीप. भिंतीच्या ऑफिससमोर कडुलिंबाखाली बसलो. गोदा आली, पन जीपात पुढे बसली, मी मागं. बोलली नाई.

पोलिस येऊन नावं लिहून गेला. दुपारी मोठ्या साहेबानं पाच जनाले वर बोलावलं.

"बाई, तुमचीच सही आहे. तुम्हीच सोडला निधी. आता आम्ही काय करणार?"

"माह्या सहीनं गेला न? मंग माह्याच सहीनं परत आना. दहा ठिकानी करून देते."

"असं होत नसतं. शासनाचं धोरण आहे. कपात सगळ्यांनाच आहे."

तवा गोदा बोलली. माह्याकडे न पाहता बोलली. "साहेब, हिनं चूक केली, ते आमचं आमी पाहून घेऊ. पन नकाशा तुमच्याजवळ होता. नदी कोठी वळते ते तुमाले माईत होतं. तुमी तरी काहून अर्ध्यात थांबवली?"

साहेब पेनाचं टोपन काढे, लावे. काढे, लावे.

लेखी भेटल्याशिवाय उठनार नाई म्हटलं. पाच वाजता कागद भेटला. "प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येत आहे. तोपर्यंत तात्पुरत्या उपाययोजना करण्यात येतील." मी तो घेऊन त्या लोणच्यावाल्या बाईजवळ गेली. म्हटलं, यातला कोनता शब्द उलटा हाय ते सांगा. हासली नाई ती. बोटानं दाखवलं, "येत आहे." म्हने, "याला तारीख नसते मावशी."

परत साहेबाकडे. तारीख टाका. साहेब चिडले. टाकली. पंधरा दिवस.

जीपात गोदा पुढेच बसली.

१६ जून, सोमवार

शुक्रवारी तात्पुरती उपाययोजना आली. टेंपोत. पोते. रिकामे.

"माती कोठी हाय?" म्हटलं. ड्रायव्हर म्हने, "माती तुमच्याच गावात हाय न बाई."

माती हाय खरी. तीन दिवस सगळ्यांनी भरले. ह्याईनं मळ्याच्या पडीत तुकड्यातली माती देली, काळी, चांगली. आभाळ गच्च भरून येते आन जाते. पाऊस पडला तिनदा, पन नदी अजून पायाच्या घोट्याएवढी. लोक तिच्याकडे पाहत पाहतच काम करतेत.

गोदा पोत्याचं तोंड धरे, मी घमेलं ओतो. बोलनं नाई. एकदा मातीतून माह्या बोटाले काच लागला. तिनं पाह्यलं, पदराची चिंधी फाडून फेकली माह्याकडे. फेकली. बांधली नाई.

२४ जून, मंगळवार

पंधरा दिवस झाले. वाशीमले फोन. "फाइल मुंबईला गेली." मुंबईतून कवा येते? "विचाराधीन आहे."

परवाच्या पावसानं नदी आली. मोठा पूर नाई, अर्धाच. पन ह्याईनं पाटात दाखवलं होतं तसंच झालं. भिंतीच्या टोकाले पानी भोवऱ्यासारखं फिरलं, पोते एकामागं एक ओढले, आन वस्तीकडची कड खाल्ली. पहिल्या घराची न्हानी गेली. विटा सुध्धा दिसत नाईत. मानूस कोनी नोतं आत. सकाळी सातची गोष्ट, आंघोळीचाच टाइम.

आमच्या मळ्यात थेंब नाई. वांगे असे चकाकून राह्यले का नजर लागाव. मले त्याईची लाज वाटली. खरंच सांगते, पोटच्या लेकरावानी वाढवले, आन त्याच वांग्याईची लाज.

हे नदीवर जाऊन लय वेळ उभे होते. आले, पाय धुतले. म्हने, "वरचा जुना बांध फोडला तं?"

भिंत जथी सुरू होते त्याच्या वरच्या आंगाले सासऱ्यानं घातलेला मातीचा बांध हाय. तो फोडला तं पुराचं पानी पहिल्यासारखं आमच्या मळ्यात येईन, पसरन, आन मागच्या नाल्यानं हळूहळू निंगून जाईन. टोकावरचा जोर कमी. मळा खोलगट हाय, सारंच बुडन. वांगे, सांबार, टमाटे. विहिरीत गाळ. वरची माती जाईन ते वेगळंच.

एवढं म्हनून हे वांग्याचे वाफे पाहाले गेले. सैपाक झाला, जेवन झालं, कोनीच काई बोललं नाई त्याच्यावर.

२७ जून, शुक्रवार

इंजिनेरानं फोन उचलला. देवच पावला म्हनाव.

बांधाचं सांगतलं. वरडलाच तो. "अजिबात नाई! बांध फोडला तर भिंतीच्या पायाखालून पानी जाईल, भिंत पडेल. सरकारी मालमत्तेचं नुकसान. गुन्हा दाखल होईल तुमच्यावर, सदस्यपद जाईल."

"पाया मजबूत नाई काय मंग?"

"तसं नाई म्हटलं मी."

"मंग कसं म्हटलं?"

फोन कट.

खरं बोलला का भ्याव दाखवलं, मले काय समजते. ह्याईले इचारलं, भिंत पडन काय? म्हने, "पडाची नाई. पन देवाची गोष्ट माईत नाई." मंग म्हने, "इचार तू कर. मळा बापानं केला, मी कसला. पन सही तुही होती." टोचून नाई म्हटलं. साधंच म्हटलं. त्यानंच जास्त लागलं.

वस्तीत कोनाले सांगतलं नाई अजून. सांगतलं आन मंग फोडला नाई तं? आन नाई सांगतलं, आन पानी आलं तं?

२ जुलै, बुधवार

परवापासून पाऊस धरलेला हाय. उघडीप नाई. वर, डोंगराकडे बी तसाच चालू हाय म्हनतेत.

सकाळी वस्तीत जाऊन सगळ्याईपुढे सांगून टाकलं बांधाचं. कोनी काई म्हटलं नाई. मळा माहा हाय न, म्हनतीन कसं.

अकरा वाजता पानी भिंतीच्या तिसऱ्या थरावर. दोन वाजता पाचव्या. वस्तीतली दुसऱ्या घराची मागची भिंत कलली. शाळा उघडली, लेकरं, बकऱ्या, भांडे सगळं तिकडे. साहेबाचा फोन बंद. सचिव येऊन फोटो काढून गेले. सरपंच म्हने, "ताई, मी तुमाले फोडा बी म्हनत नाई आन नका फोडू बी म्हनत नाई."

हे बुढीची बाज उचलाले खाली गेले. जाता जाता म्हने, "तू म्हनशीन तसं. मले इचारू नको पुन्हा." वळून मळ्याकडे पाह्यलं नाई त्याईनं.

साडेतीन. चौघं जन पावडे घेऊन बांधावर उभे हायत. पहिला घाव मी सांगतल्याशिवाय घालत नाईत. माही जमीन, माहा गुन्हा, म्हनून. पाच मिनिटं मांगून शाळेच्या वट्ट्यावर येऊन बसली. वहीचे पानं ओले होऊन राह्यले. उतरन काय पानी? चार वाजेपर्यंत उतरलं तं मळा वाचते. नाई उतरलं तं... गोदाच्या घरात बाजीचे खुटं बुडले म्हनतेत. आता मले इचाराची लाज नाई, पन इचारू कोनाले?

झाले पाच मिनिटं. गोदा बांधावर जाऊन उभी हाय, त्या चौघाईजवळ. दोन्ही हात वर करून मले हाका मारून राह्यली, मंदे, मंदे करून. फोड म्हनते का थांब म्हनते, पावसात आइकू येत नाई.